गरिबी मोजणाऱ्यांनो, आधी जमीन मोजा!

वरवे बुद्रुक, ता. भोर, जि. पुणे. दसरा, २०२५
(ज्याला वाचता येतं त्याने वाडीवर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. एक वाडी वाचून झाली की कागद पुढच्या वाडीवर द्यावा.)



येत्या १७ ऑक्टोबरला जगभर गरिबी हटवायचा दिवस पाळतात. यंदा तो नेमका वसुबारसेला आलाय. त्या दिवशी शहरात सभा होतील, फलक लागतील, कॉलेजची पोरं फेरी काढतील. एखादी गाडी आपल्या वाडीवरही येईल. पोरांना बिस्किटं, म्हाताऱ्यांना ब्लँकेट, एक फोटो, एक भाषण. भाषणात सांगतील की गरिबीबद्दल लोकांना जागं करायला पाहिजे.

आमचा सवाल एवढाच, की जागं कुणाला करायचं? भट्टीवर पहाटेच्या अंधारात उठून चिखल तुडवणारी बाई जागीच असते. पोटात काही नसलं की झोप येत नाही, हे तिला कुणी फलक लावून सांगायला नको. गरिबी कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे. ती कोण तयार करतं, कशी तयार करतं आणि आपल्याला दरसाल तिच्यात परत कोण ढकलतं, हे उघड बोलायची वेळ आलीय. जागं करायचंच असेल तर या गोष्टीसाठी करा. ब्लँकेट घेऊ, थंडी आहेच. पण ब्लँकेट अंथरायला जागा कुणाची, ते आधी सांगा.

हा दिवस मुळात कुणाचा?

हा दिवस साहेब लोकांनी काढलेला नाही. १९८७ साली १७ ऑक्टोबरला फ्रान्स देशात पॅरिस शहराच्या एका मोठ्या चौकात एक लाख माणसं जमली होती. बोलावणारा होता जोसेफ व्रेझिन्स्की नावाचा पाद्री. तो स्वतः गरिबाघरी वाढलेला आणि झोपडवस्तीत राहून काम केलेला. जगातल्या देशांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली तिथेच मान्य केला होता, म्हणून त्याने तीच जागा निवडली. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाला गरिबीत ठेवणं म्हणजे त्याचा हक्क मारणं.

पुढे १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जगासाठी ठरवून दिला. म्हणजे दिवस हक्काचा होता, त्याचा दयेचा झाला कधी, ते कळलंच नाही. आज हक्काचं नाव काढलं की लगेच म्हणतात, "राजकारण आणू नका." आम्ही म्हणतो, दिवस आमचा आहे. आम्ही हक्काचंच बोलणार.

आकड्यात गरिबी संपली म्हणे

२०१५ साली सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत जगातली टोकाची गरिबी संपवायची. पाच वर्षं उरली. जागतिक बँक गरिबीची एक रेघ ओढते. यंदा जूनमध्ये तिने ती रेघ माणशी रोज ३ डॉलरवर नेली. हा बाजारातला डॉलर नाही. आपल्याकडच्या भावाने हिशोब केला तर माणशी दिवसाला साधारण ६० रुपये होतात. या रेघेखाली जगात सुमारे ८० कोटी माणसं आहेत. भारतात २०११-१२ मध्ये शंभरातले २७ जण रेघेखाली होते, २०२२-२३ मध्ये पाचच उरले, असं बँक सांगते.

म्हणजे ज्याच्या घरी माणशी ६५ रुपये खर्च होतो, तो सुटला! २०११ साली आपल्याच नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं, की खेड्यात दिवसाला २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही. तेव्हा सगळा देश हसला होता. आता रेघ थोडी वर सरकली, पण रेघ ओढणारा हात तोच आहे.

दुसरा हिशोब नीती आयोगाचा. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नऊ वर्षांत २४ कोटी ८२ लाख माणसं गरिबीतून बाहेर पडली. हे मोजायला ते बारा गोष्टी बघतात: पोटाला मिळतं का, घरात पोरं दगावली का, बाळंतपणात बाईची काळजी घेतली गेली का, किती वर्षं शाळा झाली, पोरं आज शाळेत जातात का, चूल कशावर पेटते, संडास, पाणी, वीज, घर कशाचं आहे, घरात वस्तू काय आहेत, आणि बँकेत खातं आहे का.

सगळंच खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. वाडीवर खांब आले, खाती उघडली, हातात मोबाईल आले. जे आलं ते आलं. पण बारा सवाल पुन्हा एकदा बोटावर मोजा. त्यात जमिनीचा सवाल कुठे आहे? तुझं घर कुणाच्या जमिनीवर आहे, हे कुणी विचारलं? सहा महिने तू घर सोडून कुठे असतोस, हे विचारलं? मुकादमाचं किती देणं आहे, हे विचारलं?

कातकऱ्याचं घर दुसऱ्याच्या मालकीत. मालकाने जमीन विकली की नवा मालक तारेचं कुंपण घेऊन येतो. मग ते घर विटांचं असो नाहीतर कुडाचं, काय फरक पडतो? पण कागदावर मात्र विटांच्या घरातला माणूस गरीब नाही. अशा मोजणीत गरिबी संपेल नाहीतर काय होईल? जी जखम आहे तीच झाकून ठेवली, की अंग धडधाकट दिसणारच.

आपल्या खोऱ्यात गरिबी कशी तयार झाली

वरव्याला हायवेवर उभं राहून चारी बाजूंनी बघा. एका अंगाला गोदामं, कारखाने, हॉटेलं. प्लॉटिंगच्या पाट्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या. गाड्या पुण्याहून साताऱ्याकडे धो धो पळतात. पैसा इथे नाही असं कोण म्हणेल? शिवगंगा, गुंजवणी, वेळवंडी, नीरा अशा नद्या आपल्या डोंगरात आहेत. पाऊस इथे कोसळतो. भाटघरचं धरण १९२८ सालचं, इंग्रजांच्या वेळचं. नीरा नदीचे दोन कालवे त्या पाण्यावर चालतात आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत ऊस उभा राहतो. पानशेत-वरसगावचं पाणी पुणे शहर पितं.

मग गरिबी आली कुठून? ज्या खोऱ्याने उसाला पाणी दिलं, त्याच खोऱ्यातला माणूस पोटासाठी खाली जातो, विटा थापतो, कोळसा पाडतो. पाणी खाली गेलं आणि पाण्यामागून माणूसही गेला.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर जंगलाचं सांगावं लागेल. खैरापासून कात काढणारे म्हणून आपण कातकरी. आपलं नावच जंगलावरून पडलं. इंग्रजांनी १८७८ चा आणि पुढे १९२७ चा जंगल कायदा केला, जंगल राखीव केलं, आणि कालपर्यंत जे आपलं काम होतं तो गुन्हा झाला. कोयती घेऊन रानात शिरला की चोर. महादेव कोळ्यांची डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती, धनगरांची गुरं चारायची राने, सगळं एका शिक्क्याने सरकारचं झालं. सातबारा आला तेव्हा ज्याला लिहिता येत होतं, चावडीवर ज्याची ओळख होती, त्याचं नाव लागलं. आपण रानात होतो. धरणं झाली तेव्हाही पर्यायी जमिनीचं माप सातबाऱ्यावरूनच निघालं. ज्याचं नावच कागदावर नाही, त्याचं काय बुडालं म्हणून कोण लिहिणार?

हे आम्हीच म्हणतो असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच देशाच्या संसदेने लिहून ठेवलंय, की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. अन्याय झाला हे कबूल, म्हणजे आपली गरिबी नशिबाची नाही, आळसाची नाही. ती झालेली नाही, केलेली आहे. आणि जे माणसाने केलं ते माणसाला मोडताही येतं.

उचल म्हणजे दावं

दसरा झाला की मुकादम वाडीवर येतो. दिवाळी तोंडावर असते, पोरांना कपडे पाहिजेत, कुणाच्या घरी दुखणं असतं. तो उचल देतो. किती दिली ते त्याच्या वहीत. दर हजार विटेला काय पडणार ते त्याच्या तोंडात. आठवड्याला खर्ची मिळते, तीही उचलीत धरली जाते. पावसाच्या आधी हिशोब होतो आणि दरसाल बाकी आपल्याच अंगावर निघते. ती बाकी फेडायला पुढच्या साली परत तोच मुकादम, तीच भट्टी. बैलाला दावं असतं ते डोळ्याला दिसतं. हे दावं वहीत असतं, म्हणून दिसत नाही.

आता नीट ऐका. आपण उचल का घेतो? कारण घरात चार महिन्यांचं धान्य नाही. धान्य का नाही? कारण पिकवायला जमीन नाही. आणि जमीन का मिळत नाही? कारण जमिनीसाठी जेव्हा ग्रामसभेत उभं राहायचं असतं, दाव्याची जागेवर पडताळणी असते, तलाठ्याकडे खेटे घालायचे असतात, तेव्हा आपण भट्टीवर असतो. जमीन नाही म्हणून उचल, आणि उचल म्हणून जमीन नाही. हे चाक असंच फिरतंय. ब्लँकेटने, बिस्किटाने ते थांबायचं नाही.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं बांधून ठेवणारं कर्ज रद्दच झालंय. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं, निघून जाऊ न देणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तहसीलदार आणि कलेक्टर यांनी अशी माणसं सोडवायची आहेत. सरकारी जनजागृतीच्या गाड्यांवर हे कधी लिहिलेलं बघितलंय का?

"जमीन दिली तर दारूत घालवतील"

आपल्या मागणीवर तीन उत्तरं मिळतात. तिन्ही ऐकून घेऊ.

पहिलं, "आदिवासी जमीन विकून दारू पितील." साहेब, वनहक्काची जमीन विकताच येत नाही, ती फक्त वारसाला जाते. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने निघतो. आदिवासीची मालकी जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. १९७४ साली राज्याने हडपलेल्या जमिनी परत करायचा कायदाही केला. जमिनी आपण फुंकल्या की आपल्या हातातून काढून घेतल्या, म्हणून हे कायदे करावे लागले? आणि हायवेकडेच्या जमिनी विकून ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांना कुणी विचारलं का?

दुसरं, "जंगल वाचवायचंय." आम्हालाही वाचवायचंय. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला २००९ साली १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकते आणि जंगल स्वतः राखते. डोंगर फोडून प्लॉट पाडणाऱ्याच्या जेसीबीला गावाने अडवायचं म्हटलं तर गावाच्या हातात कागद पाहिजे. तोच कागद आम्ही मागतोय.

तिसरं, "योजना भरपूर आहेत, तुम्हीच घेत नाही." बरं, बघू. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने आदिम जमातींसाठी जनमन योजना काढली. देशातल्या ७५ जमाती, २४,१०४ कोटी रुपये. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात आहेत. तिच्यात घरकुल आहे. पण घरकुल बांधायचं कशावर? जागेचा कागद आणा म्हणतात. जागा घ्यायला राज्याची दुसरी योजना एक लाखापर्यंत पैसे देते, ५०० चौरस फुटांसाठी. म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. एक लाखात हायवेच्या पट्ट्यात जागा दाखवा, आम्ही उद्या घेतो.

यापेक्षा केरळात काय झालं ते ऐका. तिथेही मजुरांची खोपटी जमीनदाराच्या जागेत होती. मालकाच्या मर्जीवर राहायचं, मालकाच्या रानात राबायचं. लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. १ जानेवारी १९७० पासून कायदा लागू झाला, की खेड्यात ज्याचं खोपटं आहे त्याला भोवतालची दहा सेंटपर्यंत जागा मालकीने मिळेल. दहा सेंट म्हणजे आपले चार गुंठे. चार गुंठ्यात नारळ आला, भाजी आली, कोंबडी आली. आणि मालकाला उलट उत्तर द्यायची ताकद आली, कारण तो आता घरातून हाकलू शकत नव्हता. आज नीती आयोगाच्याच मोजणीत सगळ्या देशात सगळ्यात कमी गरीब केरळात आहेत, शंभरात एकही भरत नाही. शाळा, दवाखाने यांचाही त्यात वाटा आहे. पण पायाखाली जमीन आली, मगच माणूस शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी भांडायला उभा राहिला.

त्याच केरळात आदिवासी मात्र मागे राहिले. २००३ साली वायनाडमधल्या मुथंगाच्या रानात जमिनीसाठी बसलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. यातून शिकायचं ते हे, की चांगल्या राज्यात, चांगल्या कायद्यातसुद्धा ज्याची संघटना नाही तो सुटतो. आपल्या वतीने कुणी दुसरा जागा राहणार नाही.

आता करायचं काय

आपला भोर-वेल्हे भाग अनुसूचित क्षेत्रात धरलेला नाही. आदिवासी प्रकल्पाचं ऑफिस पार पुण्यापलीकडे घोडेगावला. म्हणून काही लोक सांगतात की इथे आदिवासींना हक्क नाहीत. ते खोटं आहे. वनहक्क कायदा सगळ्या जंगलाला लागू आहे, इथेही. म्हणून उचल घ्यायच्या आधी, म्हणजे याच पंधरवड्यात, प्रत्येक वाडीने एवढी कामं करावीत:

१. वाडीची जमीन कुणाची ते बघा. जंगलाची, गायरान की कुणाच्या मालकीची? गट नंबर लिहून घ्या, सातबारा काढा. प्रत्येक घर किती सालापासून आहे ते वहीत उतरवा. ही आपली मोजणी.

२. जमीन जंगलाची असेल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत किंवा राहत असाल, तर वनहक्काचा दावा करा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा कायद्याने पुरावा आहे. आजी-आजोबा आहेत तोवर जबाब लिहून घ्या. दुसरा एखादा पुरावाही जोडा: जुनी पावती, दंडाची पावती, मतदार यादी, पडक्या घराचं जोतं, थडगं, देवाची जागा. धनगर आणि इतर बांधवांना तीन पिढ्यांचा वास दाखवावा लागतो, त्यांनाही सोबत घ्या.

३. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करता येतं. तोंडी "नाही" म्हणजे नाही असं धरू नका. चौकशी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही.

४. वाडी मालकीच्या जमिनीवर असेल तर गावठाण म्हणून जाहीर करायची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने कलेक्टरकडे पाठवा. महसूल कायद्याच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरला आहे. मागणी अर्ध्या गुंठ्याची करू नका. चार गुंठ्यांची करा.

५. रोजगार हमीचं काम लेखी मागा, तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता मागा. रोजगार हमी महाराष्ट्रानेच १९७२ च्या दुष्काळानंतर देशाला शिकवली. ती लोकांनी मागून मिळवलीय.

६. उचल घेणं भागच पडलं, तर किती घेतली, दर काय, किती दिवस, हे आपल्या वहीत लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या-अंगठे घ्या. आणि घरातलं एक तरी मोठं माणूस वाडीवर ठेवा. पडताळणीला, ग्रामसभेला वाडी रिकामी दिसता कामा नये.

ग्रामसभेत बायका पुढे बसू द्या. कायदाही सांगतो की वनहक्काच्या ग्रामसभेत तिसरा हिस्सा बायका पाहिजेत. भट्टीवर बाईचा हात चालतो, मग सभेत तिचं तोंड का चालू नये?

१७ तारखेला गाडी आली तर पाहुण्यांना हाकलायचं नाही. ती आपली रीत नाही. चहा द्या, बसवा. मग वाडीची वही पुढे ठेवा आणि म्हणा, तुम्ही बारा सवाल विचारता, आमचा तेरावा लिहून घ्या: ही जमीन कुणाच्या नावावर आहे? लिहून घेतला तर त्यांना सोबती म्हणा. नाही लिहिला तर त्यांनी आपला फोटो काढायची गरज नाही.

जगातली गरिबी २०३० ला संपेल की नाही, ते जगाच्या हातात आहे. आपल्या वाडीची वही या दिवाळीआधी लिहून पुरी होईल की नाही, ते आपल्या हातात आहे.

कसेल त्याची जमीन! राहील त्याचं घर!
चार गुंठे हक्काचे, दावं तोडू उचलीचे!
जिंदाबाद!